बापूंचं तिकीट, वर्ध्याचं सूत

(भिंगाखाली तिकीट, जवळून)

साडेतीन आण्यांचं हे तिकीट. त्यावर देवनागरीत ‘बापू’, आणि तेच उर्दूतही. १५ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याला वर्ष झालं त्या दिवशी, टपाल खात्याने चार तिकिटांचा संच काढला: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. गांधीजींना जाऊन तेव्हा साडेसहा महिने झाले होते.

आणखी जवळून पाहू. चेहऱ्यावर उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते, सांगता येत नाही. या छपाईला फोटोग्रॅव्ह्युअर म्हणतात. तांब्याच्या रुळावर चित्र उतरवतात ते बारीक बारीक खड्ड्यांनी. सावली दाट तिथे खड्डा खोल, उजेड तिथे उथळ. रुळाला शाई लागते, पोलादी पातं वरची शाई निपटून काढतं आणि खड्ड्यात मुरलेली तेवढीच उरते. मग कागद दाबला जातो. खोल खड्डा जास्त शाई देतो, उथळ थोडी. त्यातून हा चेहरा उमटतो.

हे काम झालं स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए छापखान्यात. नाशिकचा सरकारी छापखाना १९२५ पासून होता, पण या पद्धतीने तिथे तिकिटं छापली गेली १९५२ साली. कबीर, तुलसीदास, मीरा, गालिब यांच्या संचापासून. म्हणजे अडचण खरी होती. तरी ज्याने गावोगाव परदेशी कापडाची होळी करायला लावली, त्याचा चेहरा परदेशातून छापून यावा, हे तेव्हाही अनेकांना खटकलं. आम्हालाही खटकतं.

(सेवाग्राम. आदी निवास, बापू कुटी, मातीच्या भिंती)

वर्ध्यापासून आठेक किलोमीटर. १९३६ मध्ये गांधीजी इथे राहायला आले तेव्हा हे सेगाव होतं. तिकडे बुलढाणा जिल्ह्यात, मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर, गजानन महाराजांचं शेगाव. दोन्ही नावं सारखी, त्यामुळे इथली पत्रं तिकडे जाऊ लागली. अखेर १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. टपालाच्या घोळातून नाव मिळालेलं गाव आहे हे!

बापूंचे सचिव महादेवभाई देसाई त्या काळात वर्ध्याच्या मगनवाडीत राहायचे आणि पायी सेगावला यायचे, परत पायीच जायचे. वैशाखातसुद्धा. वर्ध्याचं ऊन ज्यांनी अंगावर घेतलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. बापूंचा पत्रव्यवहार या माणसाने वर्षानुवर्षं सांभाळला. १५ ऑगस्ट १९४२ रोजी आगाखान पॅलेसच्या कैदेत ते गेले. बरोबर सहा वर्षांनी, त्याच तारखेला, बापूंचं तिकीट निघालं.

(कपाशीचं शेत, वेचणी, मग चरखा)

आता सूत. वेचलेल्या कापसातून सरकी काढली की रुई हाती येते. ती पिंजायची. पिंजलेल्या रुईचे पेळू वळायचे. घट्ट वळला तर धागा अडकतो, सैल राहिला तर तुटतो. उजवा हात चाकावर, डाव्या हातात पेळू. डावा हात मागे जातो तसा धागा लांबत जातो, चातीच्या, म्हणजे चरख्याच्या टोकदार सळईच्या, फिरण्याने त्याला पीळ बसतो आणि मग तो चातीवरच गुंडाळला जातो. या बाईंच्या हाताकडे बघा. नजर चाकाकडे नाही. बोटांनाच कळतं, धागा कुठे बारीक होतोय ते.

असं चार फुटांचं एक तार. ६४० तारांची एक गुंडी.

(पवनार, धाम नदी)

गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १२ फेब्रुवारी १९४८ रोजी इथे, पवनारला, धाम नदीत विसर्जित झाला. दरवर्षी त्या तारखेला इथे सर्वोदय मेळा भरतो. माणसं आपल्या हाताने कातलेली गुंडी आणून वाहतात. तिला सूतांजली म्हणतात. हार नाही, फूल नाही. आपल्या हातचं सूत.

२०११ साली त्याच तारखेला, १२ फेब्रुवारीला, दिल्लीत इंडिपेक्स या जागतिक तिकीट प्रदर्शनात राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते बापूंचं एक तिकीट निघालं. शंभर रुपयांचं. ते कागदावर नव्हतं, खादीवर होतं. १९४८ ला जे राहून गेलं होतं ते त्रेसष्ट वर्षांनी झालं. आमच्या मते बापूंचं खरं तिकीट हेच.

मधल्या काळात अमेरिकेने १९६१ मध्ये त्यांचं तिकीट काढलं, १९६९ च्या जन्मशताब्दीला खुद्द ब्रिटननेही काढलं, आणखी कितीतरी देशांनी काढलं.

(पुन्हा चरखा, बाजूला सुताच्या गुंड्या)

खादीवरचं तिकीट पुन्हा छापावं, ही आमची टपाल खात्याला विनंती आहे. शंभराचं नको, साध्या पत्रावर लावता येईल अशा किमतीचं असावं. कापड वर्धा जिल्ह्यातलं घ्यावं, आणि त्याची पहिली विक्री सेवाग्रामच्या पोस्टात व्हावी.