रेड क्लाउड : ९६२ वस्तीचे ठाण्याचे गाव

नमस्कार, श्रोतेहो.

तालुक्याचे गाव म्हटले की कचेरी, कोर्ट, बाजारपेठ आणि कामासाठी आलेल्या खेडुतांची दिवसभराची वर्दळ आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. अमेरिकेत हे काम काउंटीचे मुख्य गाव करते. अशाच एका गावाचा भूगोल आणि त्याची लोकसंख्या यांविषयी आज बोलणार आहे. गावाचे नाव रेड क्लाउड. नेब्रास्का राज्याच्या दक्षिण टोकाला, कॅन्ससच्या हद्दीपासून सुमारे सहा मैलांवर ते वसले आहे आणि वेब्स्टर काउंटीचा कारभार तेथून चालतो. २०२० च्या जनगणनेत या गावात ९६२ माणसे मोजली गेली. एवढ्याशा वस्तीत न्यायालय आहे, काउंटीचा खजिना आहे, जमिनीच्या नोंदींचे दफ्तर आहे आणि शेरीफचे कार्यालयही आहे.

गाव रिपब्लिकन नदीच्या उत्तरेला आहे. या नदीच्या नावाचा अमेरिकेतल्या राजकीय पक्षाशी काहीही संबंध नाही. तिच्या काठी पॉनी या मूळ अमेरिकन जमातीची एक शाखा राहत असे, त्या शाखेला युरोपीय लोक ‘रिपब्लिकन’ म्हणू लागले आणि तेच नाव नदीला चिकटले. गावाचे नाव मात्र लाकोटा या दुसऱ्या मूळ जमातीचे नेते रेड क्लाउड यांच्यावरून ठेवलेले आहे, ज्यांचा मुलूख तेथून पुष्कळ दूर, वायव्येला होता. ज्यांची जमीन होती त्या पॉनी लोकांना १८७० च्या दशकात ओक्लाहोमाकडे जावे लागले आणि त्याच सुमारास येथे नव्या वसाहतकऱ्यांनी घरे बांधली. त्यांच्यातले सायलस गार्बर पुढे नेब्रास्काचे गव्हर्नर झाले. या गावाची गोष्ट सांगताना पॉनींचे जाणे गाळून चालणार नाही, असे मला वाटते.

आता जमिनीकडे वळू. वेब्स्टर काउंटी म्हणजे २४ मैल लांब आणि जवळजवळ तेवढाच रुंद चौकोन. सरकारी मोजणीदारांनी सारा मुलूख एकेक मैलाच्या चौरसांत आखला. प्रत्येक चौरस ६४० एकरांचा, आणि १८६२ च्या होमस्टेड कायद्याने त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे १६० एकर, एका कुटुंबाला कसण्यासाठी मिळू लागला. आजही तेथले बहुतेक कच्चे रस्ते याच रेषांवरून सरळ जातात. पाऊस वर्षाला साधारण २५ इंच पडतो, तोही बेभरवशाचा. मका, सोयाबीन, गहू आणि काही ठिकाणी आपल्या ओळखीची ज्वारी ही तेथली पिके. माणसे खातात त्यापेक्षा ही ज्वारी जनावरांच्या खाद्यालाच अधिक जाते.

लोकसंख्येचे कोडे या १६० एकरांच्या हिशेबातच सुटते. घोड्यांच्या नांगराने शेती होत होती तोवर प्रत्येक हिश्श्यावर एक कुटुंब राबत होते. १९१० साली काउंटीत १२,००८ माणसे होती. १८९० च्या दशकातल्या आणि पुढे १९३० च्या दशकातल्या अवर्षणांनी पुष्कळांना उठवले, हे खरे. परंतु पुन्हा चांगली वर्षे आली तरी माणसे परतली नाहीत, कारण ट्रॅक्टर आणि कापणीयंत्र घेऊन एकच घर आता कितीतरी पट जमीन कसू लागले होते. आज नेब्रास्कातले सरासरी शेत जवळपास हजार एकरांचे आहे. जमीन ओस पडलेली नाही, ती भरपूर पिकते. तिला माणसे मात्र थोडी लागतात. २०२० साली काउंटीत ३,३९५ जण उरले होते.

गावाचे आकडे याच्याशेजारी ठेवून पाहावेत. रेड क्लाउडमध्ये १९१० साली १,६८६ लोक होते, १९२० साली १,८५६, आणि २०१० साली १,०२०. म्हणजे गावही आटले आहे. पण ११० वर्षांत काउंटीने दर चार माणसांमागे जवळजवळ तीन गमावली, तर गावाने निम्म्याहून कमी. पूर्वी काउंटीतल्या सात माणसांमागे एक जण या गावात राहत असे, आता चारांमागे एकाहून अधिक. दस्त नोंदवायला, कर भरायला, खटल्याला हजर राहायला शेतकऱ्याला येथेच यावे लागते, आणि त्या निमित्ताने दुकान, बँक, दवाखाना यांचेही पोट भरते. १९१४ साली बांधलेली काउंटीची न्यायालयाची इमारत हे या गावाचे खरे भांडवल आहे, असे मी म्हणेन.

रेल्वेला मात्र आपले महत्त्व असे टिकवता आले नाही. स्थानक गावापासून दक्षिणेला सुमारे मैलभर होते आणि उतारूंना घोड्यांच्या ट्रामने वेब्स्टर स्ट्रीटवर आणले जाई. तो विटांचा फरसबंद रस्ता अजून आहे, रुळांवरून मालगाड्याही जातात, पण प्रवासी उतरत नाहीत.

नदीने १९३५ साली घेतलेला बळी मोठा होता. मे महिन्याच्या अखेरीस आलेल्या पुरात या खोऱ्यात शंभराहून अधिक माणसे गेली. त्यानंतर वरच्या अंगाला हार्लन काउंटी धरण बांधले गेले आणि ते १९५२ साली पूर्ण झाले.

आज गावात बाहेरून माणूस येतो तो मुख्यतः अमेरिकन कादंबरीकार विला कॅथर यांच्यासाठी. १८८० च्या दशकात त्या लहानपणी येथे राहिल्या आणि पुढे कादंबऱ्यांत त्यांनी हेच गाव वेगवेगळ्या नावांनी उभे केले. गावाच्या दक्षिणेला त्यांच्या नावाने ६१२ एकरांचे माळरान राखले आहे, ज्यात कधीच नांगर घातला गेला नाही. उन्हाळा सरताना तेथले गवत तांबूस होते, काही ठिकाणी पुरुषभर वाढते, आणि वारा सुटला की त्या टेकाडांवरून एकामागून एक लाटा धावताना दिसतात. घरे बांधली जाण्यापूर्वी, चौरस आखले जाण्यापूर्वी सगळी वेब्स्टर काउंटी अशीच होती.