बिननंबरची गाडी

(कल्याणीनगर, रात्रीची वर्दळ)

पुण्यातला हा कल्याणीनगरचा रस्ता. १९ मे २०२४, पहाटेचे अडीच. भरधाव आलेल्या पोर्शेने मोटरसायकलवरच्या दोघांना उडवलं. दोघंही चोविशीतले, मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले इंजिनिअर. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा.

(आरटीओ, खिडकीसमोरची रांग)

गाडीला नंबर प्लेट नव्हती. मार्चमध्ये ती तात्पुरत्या नोंदणीवर बंगळुरूहून आली होती. कायमच्या नोंदणीचे १,७५८ रुपये भरायचे राहिले, म्हणून कागद अडकला. गाडी काही अडकली नाही. चालवणाऱ्याकडे लायसन्स असण्याचा प्रश्नच नव्हता. अपघाताआधी तो दारू प्यायल्याचाही आरोप आहे. दारूचं म्हणाल तर महाराष्ट्रात वयाची अट २५, बिअरला २१. शिवाय १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याने स्वतःचा परवाना काढायचा असतो. विदेशी दारूचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो. तो किती गिऱ्हाइकं मागतात, हे कुठल्याही वाइन शॉपच्या गल्ल्यावर विचारून बघा.

(अतिक्रमण कारवाई)

आता हे बघा. ट्रक येऊन थांबलाय. तवा अजून तापलेला आहे. हातगाडीवाला आधी सिलिंडरचा रेग्युलेटर काढतो, मग पैशांचा डबा काखेत मारतो, तोवर दोघांनी हातगाडी उचललेली असते. बटाट्याची भाजी रस्त्यावर. याच्याकडे प्रमाणपत्र नाही, एवढाच गुन्हा. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार आधी सर्वेक्षण, मग समिती, मग प्रमाणपत्र, त्याचं शुल्क आणि वर लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांची मर्यादा. जप्त केलेला नाशवंत माल मागेल त्याच दिवशी परत द्यावा, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. ट्रकवरच्या मंडळींनी ते कलम वाचलेलं दिसत नाही.

(जुनी छायाचित्रं)

राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, या परवानगीच्या कारभाराला लायसन्स-परमिट राज म्हणायचे. १९५९मध्ये त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला तो याच मुद्द्यावर. महाराष्ट्रात हीच गोष्ट शेतकरी नेते शरद जोशींनी शेताच्या बांधावर नेली. १९७२च्या एकाधिकार खरेदी योजनेनंतर विदर्भातल्या शेतकऱ्याने पिकवलेला कापूस सरकारलाच घालायचा. जास्त भाव मिळतो म्हणून राज्याबाहेर नेला, तर तो चोरटा व्यापार. स्वतःच्याच मालाचा चोर! स्वतंत्रतावादी, म्हणजे लिबर्टेरियन, विचाराचा मूळ प्रश्न हाच आहे. कुणाचं काही बिघडवण्याआधीच माणसाला परवानगीच्या रांगेत उभं करायचं, की त्याने कुणाचं बिघडवलं तर त्याला जबाबदार धरायचं? रांग लावली की ज्याच्याकडे वकील आणि ओळख आहे तो बाजूच्या दाराने आत जातो, हे सांगायला पुस्तक लागत नाही. गाडी चालवायलासुद्धा सरकारी लायसन्स नको म्हणणारे स्वतंत्रतावाद्यांत आहेत. तिथपर्यंत आम्ही जात नाही.

(बालन्याय मंडळाची इमारत)

पुढचं थोडक्यात. त्याच दिवशी जामीन, अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. लोक खवळल्यावर बालसुधारगृह, जूनमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने सुटका. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक. जुलै २०२५मध्ये मंडळाने त्याला प्रौढ म्हणून खटल्याला उभं करायची पोलिसांची मागणी फेटाळली.

(बारचं सील, पाडकाम)

बारना सील ठोकलं, बेकायदा बांधकामांवर जेसीबी चालवला. हे परवाने तपासायची सवड त्याआधी कुणाला झाली नव्हती.

अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. मोटार वाहन कायद्यात २०१९मध्ये आलेलं हे कलम, १९९-अ. कोर्टाने वेगळा आदेश दिला नाही, तर दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. मरे रॉथबार्डसारखे स्वतंत्रतावादी विचारवंत म्हणायचे की गुन्हेगाराचं देणं पीडिताचं असतं, सरकारचं नव्हे. आपल्याकडे मेलेल्याच्या घरच्यांच्या भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वेगळाच चालतो.