पार्किन्सन्समध्ये आवडतं काम सोडू नका, त्याची वेळ बदला

नमस्कार मंडळी. पार्किन्सन्सचं निदान झालं की घरातून पहिलं वाक्य येतं, "आण्णा, तुम्ही निवांत बसा, आम्ही बघतो सगळं." मायेपोटीच म्हणतात. पण देवाची फुलं, दुकानाचा गल्ला, भाजी निवडणं, सगळं हातातून जातं, आणि मग आण्णा गप्प-गप्प का, म्हणून घरचेच डॉक्टरांना विचारतात. त्यातलं एक काम परत त्यांच्या हातात कसं द्यायचं, ते आज बघू.

मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी झाल्या की हालचाल मंदावते, अंग ताठतं, हात थरथरतो. लेव्होडोपाची गोळी ती उणीव भरून काढते, पण काही तासांपुरती. आजार जुना होत जातो तसा पुढच्या गोळीआधीच असर उतरायला लागतो. म्हणजे दिवसात काही तास मोकळे, काही जड. काम नेमकं जड तासात धरलं की बिघडतं, आणि माणूस म्हणतो, "मला आता जमत नाही."

म्हणून चार दिवस वहीत लिहा: गोळी किती वाजता घेतली, अंग मोकळं कधी झालं, जड कधी झालं, मध्ये काय खाल्लं. शेवटचा रकाना विसरू नका. लेव्होडोपा आणि प्रथिनं आतड्यातून एकाच वाटेनं रक्तात शिरतात. गर्दी झाली की गोळी मागे राहते. कोल्हापूरच्या गंगावेशीत कट्ट्यावर समोर पिळून दिलेलं, फेसाळ दूध. प्या की! पण गोळी त्याच्यासोबत नको. गोळी साध्या पाण्याबरोबर, जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर तासाभरानं. मळमळलं तर कोरड्या भाकरीचा तुकडा चालतो. मटणाचा पांढरा-तांबडा रस्साही कायमचा बंद करायची गरज नाही. वही डॉक्टरांना दाखवा. वेळा आणि डोस तेच बदलतील. स्वतःहून गोळी थांबवणं धोक्याचं. खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असतो, त्यामुळे त्याचं चूर्ण परस्पर सुरू करू नका.

आता काम. मोकळ्या तासात आंघोळ, बँक, व्यायाम सगळं कोंबू नका. आधी त्यांनी निवडलेलं एक काम ठेवा. समजा कुणी पायताणाचे कारागीर आहेत. चामड्याची वेणी घालायचं बारीक काम मोकळ्या तासात. जड तासात जोड्या लावणं, पोराला तोंडानं शिकवणं. बसून, कोपर टेबलावर टेकवून. आणि हो, पायताण विकायला ठीक, पण स्वतःच्या पायात मागं पट्टा असलेलं, न घसरणारं काहीतरी हवं.

कामाच्या खोलीत शिरतानाच पाय जमिनीला चिकटतात, ही नेहमीची तक्रार. उंबरा, अरुंद दार, वळण, इथंच होतं. ओढू नका, ढकलू नका, तोल जातो. थांबायचं, ताठ उभं राहायचं, वजन डावीकडे-उजवीकडे झुलवायचं, मग मोठं पाऊल. (रंगीत चिकटपट्टी दाखवत) ही पट्टी दाराआधी आणि दारानंतर जमिनीवर आडवी लावा, एका पावलाच्या, साधारण दीड फुटाच्या अंतरानं. प्रत्येक पट्टी ओलांडायची. आपोआप चालण्याची सवय अडते तिथं डोळ्यांना दिसणारी खूण मदत करते. त्या वेळी हातात चहाचा कप नको, आणि मागून कुणी गप्पाही मारायच्या नाहीत.

एवढं करूनही "कशातच मन लागत नाही" असं आठवडेच्या आठवडे चाललं, तर तो आळस नव्हे. नैराश्य आणि निरुत्साह हा या आजाराचाच भाग असू शकतो, त्यावर उपचार आहेत. तेही वहीत लिहा.

आणि वही आण्णांनाच लिहू द्या, मोकळ्या तासात. ओळीच्या शेवटाकडे अक्षर मुंगीएवढं होत जाईल. मग दुरेघी वही घ्या, अक्षर दोन्ही रेघांना टेकलं पाहिजे, आणि दर तीन-चार शब्दांनी पेन उचलून पुन्हा मोठ्या अक्षरात सुरुवात करायची.