पोटभाडेकरू

[अंधार. टँकचा निळा दिवा. आवाज: टक्.]

ऐकलंत? थांबा, परत येईल.

[टक्.]

फ्लोरिडातलं टँपा. दादाच्या हॉलमधला हा खाऱ्या पाण्याचा टँक. वहिनीला आधी वाटलं, काच तडकतेय. असा आवाज पिस्टल श्रिम्प नावाची छोटी कोळंबीही करते आणि ती बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. तेव्हा नुसत्या आवाजावरून कुणाला चोर ठरवू नये. पुरावा हवा.

[क्लोजअप: दगडाचं बूड.]

हा घ्या. सुपारीएवढं गोल बीळ, तोंडाशी शंखांचा चुरा. कडा बघा, अडकित्त्याने कातरल्यासारखे टवके उडालेत. मॅन्टिस श्रिम्प. कोळंबीसारखा दिसणारा, शंख फोडून खाणारा शिकारी.

तो आला दगडातून. इथल्या केंद्र सरकारच्या हद्दीतल्या समुद्रातून नैसर्गिक लाइव्ह रॉक, म्हणजे जीवांची वस्ती असलेला दगड, काढायला १९९७पासून बंदी आहे. म्हणून खाणीतला चुनखडीचा दगड भाडेपट्ट्याच्या समुद्रतळावर टाकतात आणि काही वर्षं तसाच ठेवतात. त्यावर स्पंज, शैवाल, किडे वस्ती करतात. मग तो विकायला येतो. दादाने दगड घेतला तो वस्तीसकट. आत कोण कोण राहतं, याची यादी मिळत नाही.

[स्लो मोशन: ठोसा.]

पुढचे दोन पाय म्हणजे गदा. स्नायू आवळायचा, खटका अडकवायचा आणि सोडायचा. ताण साठतो तो पायातल्या खोगिराच्या आकाराच्या स्प्रिंगमध्ये. २००४ साली बर्कली विद्यापीठातल्या शास्त्रज्ञ शीला पटेक आणि सहकाऱ्यांनी मोरासारख्या रंगीत, मोठ्या जातीचा ठोसा मोजला: सेकंदाला २३ मीटरपर्यंत. त्या वेगाने पाण्यात बुडबुडे उठतात आणि ते मिटताना दुसरा दणका बसतो. आपला पाहुणा बोटाएवढा, पण यंत्रणा तीच. इंग्रजीत याला ‘थंब स्प्लिटर’ म्हणतात. अंगठाफाड्या. हात घालायचा नाही, हे सांगायला नकोच.

[रत्नागिरीहून व्हिडिओ कॉल. मावशी.]

मावशीचं म्हणणं, “एवढं काय त्याचं? आमच्याकडे जाळ्यात ढिगाने येतात.” येतात, खरंय. पण ते याचे भाऊबंद, वाळूत बीळ करून राहणारे, गदेऐवजी भाला चालवणारे.

[बाटली.]

पहिला प्रयत्न. प्लास्टिकची बाटली कापायची, तोंड उलटं आत बसवायचं, कोळंबीचा तुकडा ठेवायचा. सकाळी आत एक शंखातला खेकडा, पोट भरून निवांत.

मग दगडच बाहेर काढायचं ठरलं.

[पंप बंद. पाणी स्थिर. दादाचे हातमोजे.]

दगड उचलून बादलीवर धरलाय, बिळाचं तोंड खाली. कधी कधी प्राणी एवढ्यानेच खाली पडतो. हा पडला नाही. अशा वेळी बरेच जण बिळात सोडा वॉटर मारतात. काम होतं, पण प्राणी गुदमरतो आणि बिळाच्या आसपासचं सगळंच होरपळतं. नको तो पाहुणा म्हणून त्याला मारायलाच हवं, हे आम्हाला पटत नाही. आम्ही टँकचंच पाणी घेतलं, त्याच तापमानाचं, आणि त्यात मीठ वाढवलं. टँकमध्ये लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास असतं, इथे जवळपास ५०. पिचकारीने बिळात थोडं, मग थांबायचं. परत थोडं.

[बिळाचं तोंड. बराच वेळ काहीच नाही.]

[मिशा. मग डोळे.]

हे डोळे बघा. देठावर बसवलेले, एक इकडे वळतो, दुसरा तिकडे. प्रत्येक डोळ्यात तीन काळे ठिपके दिसताहेत ना? म्हणजे डोळ्याचे तीन भाग एकाच वेळी तुमच्याकडे बघताहेत. म्हणून एकट्या डोळ्यालाही अंतराचा अंदाज येतो.

[बादलीत ‘टपक्’.]

नुकसानीचा हिशोब: तीन गोगलगाई, एक छोटा मासा, आणि हवा लागल्याने दगडावरचे काही स्पंज गेले.

समुद्रात का सोडला नाही? टँकमध्ये राहिलेल्या प्राण्याबरोबर कुठला रोग, कुठला परजीवी जाईल, याचा भरवसा नसतो. आणि टँकमधलं समुद्रात सोडणं या किनाऱ्याला महाग पडलंय. १९८५ साली इथल्याच डेनिया बीचजवळ पहिला लायनफिश मासा सापडला. तो मूळचा इथला नव्हेच, पण आज सगळ्या कॅरिबियनमध्ये पसरलाय.

[छोटा टँक. पीव्हीसी पाइप. संध्याकाळ.]

याचं घर आता हे. दादाने पाइप बसवला, वर मूठभर खडे टाकले. पहिला तासभर तो कोपऱ्यात होता. मग खडे एकेक करून ओढत नेले आणि पाइपाचं तोंड बुजवायला घेतलं. एक खडा बसेना. फिरवून पाहिला, बाहेर टाकला, दुसरा आणला.

[टक्.]