बोट दाखवलं, तर कुठे बघायचं?

नमस्कार श्रोतेहो.

भाषेचा जन्म कसा झाला हा विषय निघाला की बोलणं लगेच घशाकडे आणि जिभेकडे वळतं. स्वरयंत्र किती खाली उतरलंय, मेंदूचा कुठला भाग वाढलाय, वगैरे. ते सगळं लागतंच. आज मात्र आपण सुरुवात करू दोन उपड्या वाट्यांपासून.

एका वाटीखाली खाऊ लपवायचा. कुठल्या, ते समोरच्याला दिसू द्यायचं नाही. मग खाऊ असलेल्या वाटीकडे बोट दाखवायचं आणि त्याला निवडू द्यायचं. जेमतेम 14 महिन्यांचं, अजून धड बोलताही न येणारं मूल बहुतेक वेळा बरोबर वाटीकडे हात नेतं. चिंपांझी बोटाच्या रोखानं बघतो, वाटीही त्याला दिसते, पण निवड नाणं उडवल्यासारखी. निम्म्या वेळा चूक.

चिंपांझीची अक्कल कमी पडते, असं म्हणून आपण मोकळे होऊ. पण 2004 साली ब्रायन हेअर आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी याच प्रयोगाला एक कलाटणी दिली. माणसानं आधी चिंपांझीशी खाऊवरून चढाओढ केली. मग बोट न दाखवता एका वाटीकडे हात ताणला, जणू ती त्याला स्वतःलाच हवी आहे पण हात पोचत नाही. हाताची दिशा जवळपास तीच. आता मात्र चिंपांझीला खाऊ कुठे आहे ते कळायला लागलं!

म्हणजे ‘याला ती वाटी हवीय, तर खाऊ तिथेच असणार’ हा हिशेब त्याला जमतो. ‘हा मला सांगतोय, माझ्या उपयोगाचं सांगतोय’ हे त्याच्या डोक्यात येत नाही. भाषेच्या उगमाच्या वादात मला हा प्रयोग सगळ्यात वजनदार वाटतो. कवटीची मापं त्यानंतर.

अर्थात, चिंपांझी एकमेकांना काहीच सांगत नाहीत असं नाही. युगांडातल्या बुडोंगो जंगलात संशोधकांनी वाटेवर खोटा साप ठेवला होता. तो पाहिलेला चिंपांझी, सोबत्याला सापाची खबर नसली तर, जास्त वेळा इशारा देई. 2012 साली हे प्रसिद्ध झालं. तेव्हा मदतीचं बीज जुनं आहे. माणसात ते सारखं, दर वाक्याला वापरात आलं.

पण यात एक मोठी अडचण आहे: सांगणारा खोटंही सांगू शकतो. माजावर आलेला लाल हरणाचा नर तासन्‌तास ओरडतो. त्यात दम निघतो, त्यामुळे अशक्त नराला हे सोंग फार वेळ वठवता येत नाही. शब्दाला काय लागतं? थाप मारायला आणि खरं बोलायला सारखाच श्वास. मग ऐकणाऱ्यानं विश्वास का ठेवावा? आणि तो ठेवणारच नसेल, तर बोलणाऱ्यानं तरी तोंड का उघडावं? भाषा इथेच गुदमरायला हवी होती.

यातून वाट निघते ती रोज त्याच माणसांत राहण्यातून. आज फसवलं तर उद्या शिकारीला सोबत कोण घेणार? मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचं म्हणणं असं, की माकडं एकमेकांचे केस विंचरून नाती राखतात, माणूस ते काम गप्पांतून करतो, एका वेळी दोघातिघांशी. त्यात कोण भरवशाचा, कोण लबाड, हेही पसरतं. कल्पना छान आहे. गोम एवढीच, की चुगली करायला आधी भाषा हवी. म्हणून मला वाटतं, दुसऱ्याची पोरं सांभाळणं, मिळून शिकार करणं, वाटून खाणं हे आधीचं, आणि शब्द त्यावर वाढलेले.

ही मदत आजच्या साध्या बोलण्यातही मोजता येते. 10 भाषांमधले प्रश्न आणि उत्तरं तपासून 2009 साली दिसलं, की दोघांच्या बोलण्यामधली फट साधारण 200 मिलीसेकंदांची असते. आता गंमत बघा. समोरच्या चित्राचं नाव नुसतं उच्चारायला 600 मिलीसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपण त्याचा शेवट ताडलेला असतो आणि उत्तर जुळवायला घेतलेलं असतं.

आणि ऐकण्यात चूक झाली तर? समजा एखादी मैत्रीण म्हणाली, “तो सोमवारी निघणार आहे.” तुम्ही “काय?” म्हणालात, तर तिला अख्खं वाक्य पुन्हा बोलावं लागतं. “कोण?” म्हणालात तर एक नाव पुरतं. “सोमवारी म्हणालीस ना?” याला नुसतं “हो”. 12 भाषांतल्या घरगुती गप्पांत अशी डागडुजी सरासरी दर दीड मिनिटाला होते, हे 2015 साली मांडलं गेलं. आणि लोक शक्यतो नेमका प्रश्न विचारतात. आपले दोनचार शब्द जास्त खर्च करून समोरच्याचे कष्ट वाचवतात. नुसतं “काय?” उरतं ते खरंच काही ऐकू आलं नसेल तेव्हा.

ही सोबत नसली तर काय होतं, ते निकाराग्वात दिसलं. तिथली बहिरी मुलं आपापल्या घरी एकेकटी वाढत. खुणा असत, पण त्या घरापुरत्या. 1977 साली राजधानी मानाग्वात त्यांच्यासाठी शाळा निघाली. शिक्षक स्पॅनिश शिकवू बघत होते, त्यात फारसं यश आलं नाही. मुलांनी मात्र मैदानात, येता-जाता आपापल्या खुणा एकमेकांशी जुळवून नवी भाषाच उभी केली.

संशोधक ॲन सेंगास आणि सहकाऱ्यांनी ही भाषा वापरणाऱ्या, शाळेत आधी आणि नंतर आलेल्या तुकड्यांना एक व्यंगपट दाखवला. त्यात चेंडू गिळलेलं मांजर डगमगत उतारावरून खाली जातं. पहिल्या तुकडीतले लोक डगमगणं आणि उतरणं बहुतेकदा एकाच हालचालीत दाखवत, जसं ऐकू येणारी माणसं बोलताना हातवारे करतात. मागून आलेल्या मुलांनी त्याचे दोन तुकडे केले: आधी ‘डगमग’, मग ‘खाली’. ‘खाली’ सुटी झाली, की तीच खूण पडणाऱ्या फळालाही चालते आणि जिना उतरणाऱ्या माणसालाही. पहिल्या तुकडीतले मात्र मोठेपणीही बरेचदा जुन्या, एकत्र खुणेनंच सांगत राहिले.

नमस्कार.