फुलापासून फुलापर्यंत टेप

सोलापूर, पूर्व भाग. मागांचा खडखडाट एवढा की माझं बोलणं मलाच ऐकू येईना, म्हणून हा आवाज घरी येऊन भरलाय. समोर जे काका आहेत, मध्येच तेलुगूत पोराला हाक मारतायत ते, ते चादरीवर टेप लावतायत, एका फुलापासून पुढच्या फुलापर्यंत. धुवायच्या आधी एकदा, धुतल्यावर परत. फुलं सारख्याच अंतरावर विणलेली, मग अंतर बदललं की कापड किती आटलं ते लगेच कळतं.

विश्वाचं पण असंच मोजतात, फक्त ते आटत नाही, ताणतंय, आणि १९९८ पासून माहितीय की ताणायचा वेग वाढतोय. कशामुळं, तर डार्क एनर्जी. नाव ठेवून झालंय, ओळख अजून व्हायचीय.

पण आकाशात फुलं कुठली? सिद्धेश्वर तलावात मूठभर खडे टाका, प्रत्येक खड्याभोवती गोल तरंग उठतो आणि सगळे एकमेकांत मिसळून नुसता गोंधळ. विश्वाची पहिली सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं अशीच गेली, तापलेला वायू आणि त्यात आवाजाच्या लाटा. मग ते निवलं, लाटा होत्या तिथंच थिजल्या, आणि पुढं त्या कड्यांवर गॅलेक्सी जराशा, अगदी जराशाच जास्त बनल्या. सगळ्या कड्यांची त्रिज्या सारखीच, आज जवळजवळ ५० कोटी प्रकाशवर्षं, हेच आपलं फुलापासून फुलापर्यंतचं अंतर.

डोळ्याला यातलं एकही कडं दिसत नाही हं. दोन गॅलेक्सींमधलं अंतर मोजायचं, मग दुसरी जोडी, मग तिसरी, असं मोजत राहिलं की ठिपके नुसतेच उधळले असते त्यापेक्षा त्या एका अंतरावर जोड्या थोड्या जास्त भरतात, आलेखात छोटासा उंचवटा येतो. २००५ साली तो पहिल्यांदा नीट दिसला.

आता ॲरिझोनात किट पीकवर डेझी (DESI) नावाचं यंत्र आहे, गॅलेक्सींचा प्रकाश टिपणारे ५००० फायबर, प्रत्येकाला आपापला छोटा रोबो. मार्च २०२५ मध्ये त्यांनी १ कोटी ४० लाखांवर गॅलेक्सी आणि क्वेसारचा, म्हणजे लांबच्या गॅलेक्सींच्या झगझगीत केंद्रांचा, हिशोब मांडला. एकट्या डेझीच्या आकड्यांत डार्क एनर्जी कायम तेवढीच धरली तरी चालून जातं, पण विश्वातला सगळ्यात जुना प्रकाश आणि सुपरनोव्हा, म्हणजे फुटणारे तारे, जोडले की ती हळूहळू कमी होतीय असं दिसायला लागतं. किती खात्रीनं? २.८ ते ४.२ सिग्मा, सुपरनोव्हाची कुठली यादी घेता त्यावर. सिग्मा म्हणजे हा नुसता योगायोग नाही याची खात्री मोजायचं माप, शोध म्हणायला ५ लागतात. यादी बदलली की आकडा एवढा हलतो, मला तरी तिथंच शंका येते.

काकांना हे सगळं सांगितलं. टेपची घडी घालत म्हणाले, "आधी टेप बरोबर हाय का बघितलं का त्यांनी?"

आता आपली टेप म्हणजे ते कडं, आणि त्याची लांबी काढतात ती त्याच जुन्या प्रकाशावरून, म्हणजे काकांचं काही चुकलं नव्हतं.