सनद, वहिवाट आणि हेगचं न्यायालय

(दृश्य : पणजी, मांडवीचा काठ, आदिलशहाचा राजवाडा)

पणजीतल्या या वास्तूतून पोर्तुगीज सरकार नुसता गोवा सांभाळत नव्हतं. दमण आणि दीवही त्याच अमलाखाली होतं. शिवाय दमणपासून आत, चहूबाजूंनी भारतीय मुलखानं वेढलेली दादरा आणि नगरहवेली.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गोमंतकीय आणि महाराष्ट्रातल्या स्वयंसेवकांनी आधी दादरा, मग नगरहवेली मुक्त केली. पोर्तुगालला तिकडे कुमक धाडायची होती. भारतानं वाट दिली नाही. १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि आठच दिवसांत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा घेऊन उभा राहिला.

देशांच्या डोक्यावर विधानसभा नाही, पोलीस ठाणं नाही. मग न्यायाधीश कायदा शोधणार कुठे? देशांनी केलेल्या तहांत, कायदा म्हणून पाळलेल्या प्रथांत आणि सर्वमान्य न्यायतत्त्वांत. या खटल्यात तहांचा शोध थेट पुण्याच्या दरबारापर्यंत गेला.

(दृश्य : मोडी लिपीतले जुने कागद)

१७७९ चा मराठे-पोर्तुगीज तह, त्यामागून १७८३ आणि १७८५ च्या सनदा. यांतून गावं आपल्या मालकीची झाली, असा पोर्तुगालचा दावा. न्यायालयानं कागद बारकाईनं वाचले. पेशव्यांनी बारा हजार रुपयांचा महसूल तोडून दिला होता, मुलखावरचं राज्य नव्हे. आपल्या दप्तरखान्यातला एक करार पावणेदोनशे वर्षांनी जगाच्या न्यायासनासमोर बोलला, याचा मला अभिमान वाटतो. मात्र पुढं इंग्रजांनी तिथलं पोर्तुगीज राज्य मान्य करून टाकलं होतं, हेही न्यायालयानं नोंदवलं.

उरला प्रश्न वाटेचा. गावात बांधावरच्या पायवाटेवरून भांडण झालं, की पंच पहिल्यांदा वहिवाट विचारतात. हेगलाही तेच झालं. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल त्या वाटेनं बिनदिक्कत ये-जा करत होता. फौज, सशस्त्र पोलीस किंवा दारूगोळा न्यायचा, तर परवानगी घ्यावी लागे. म्हणजे रस्ता एकच. एक जण हक्कानं चाले, दुसरा विचारून. हा फरक दोन्ही बाजूंनी पिढ्यान् पिढ्या पाळला होता. दोनच देशांमधल्या प्रथेचा कायदा होत नाही, हा भारताचा मुद्दा न्यायालयानं फेटाळला. आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया इतका स्पष्ट दाखवणारे निकाल थोडेच असतील.

१२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. नागरिक आणि मालासाठी हक्क होता : अकरा विरुद्ध चार. फौजेसाठी नव्हता : आठ विरुद्ध सात, एका मताचा फरक. तरीही १९५४ च्या तणावात वाट अडवून भारतानं कायदा मोडला नाही : नऊ विरुद्ध सहा.

(दृश्य : डिसेंबर १९६१, पणजीत भारतीय सैनिक)

निकालाच्याच वर्षी, १९६० च्या डिसेंबरात, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं ठराव १५१४ मंजूर केला : वसाहतवाद संपलाच पाहिजे. वर्षभरानं भारतीय सैन्य गोव्यात आलं, तेव्हा सुरक्षा परिषदेत संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं, बळ वापरू नये असं सांगणारं कलम पुढं आलं. भारताचं उत्तर होतं, वसाहतीला मुळात कायद्याचा आधारच नाही. भारताविरुद्धच्या ठरावाला सात मतं पडली, पण सोव्हिएत नकाराधिकारानं तो बारगळला. बळ वापरायचं नाही आणि परकी राज्य लादायचं नाही, ही दोन्ही तत्त्वं खरी आहेत. साडेचारशे वर्षं परक्या अमलाखाली काढलेल्या गोमंतकीयांच्या बाजूनं दुसरं जड ठरतं, असं मी मानतो.

लिस्बनमध्ये क्रांती झाल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ रोजी पोर्तुगालनं भारताशी करार करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.